टायर झिजले, गाडी वॉरंटीत. मग पैसे कोण देणार?

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो तावातावानं बोलतच. गाडी घेऊन तीन वर्षं पुरी व्हायची होती, मीटरवर ३४,००० किलोमीटर पडले होते आणि सर्व्हिसिंगला सोडल्यावर त्याला सांगितलं गेलं, पुढचे दोन्ही टायर संपलेत, बदलावे लागतील. "मामा, गाडीची वॉरंटी अजून चालू आहे. किलोमीटरही मर्यादेच्या आत आहेत. मग टायर वॉरंटीत का नाहीत? टायर काय गाडीचा भाग नाही?" शोरूममध्ये त्याला एका वाक्यात उत्तर मिळालं होतं, "टायर वॉरंटीत येत नाहीत." का येत नाहीत, कुणाच्या वॉरंटीत येतात, हे कुणी बसवून सांगितलं नव्हतं.

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून 'आता बदलून घेऊया का' हे घरोघरी ऐकू येतंय. त्याआधी समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले, परिवहन विभागानं तिथं टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा आपल्या गाडीखाली वाकून बघितलं. गाडी घेताना आपण मायलेज, रंग, टचस्क्रीन सगळं बघतो. टायर कुठल्या कंपनीचा आहे हेसुद्धा बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून हा विषय मुळापासून मांडतो.

टायर म्हणजे गाडीची चप्पल

कापशीची चांगली चप्पल घेतलीत आणि पंधरा दिवसांत अंगठा निसटला किंवा शिलाई उसवली, तर दुकानदार निमूटपणे दुरुस्त करून देतो, नाहीतर बदलून देतो. चूक बनवणाऱ्याची असते. पण दोन वर्षं वापरून टाच झिजली म्हणून तीच चप्पल परत नेली, तर तो काय म्हणेल? झिजणं हा चपलेचा दोष नाही, ते तिचं कामच आहे. ती झिजते म्हणून पाय शाबूत राहतो.

टायरचं अगदी असंच आहे. रस्त्याला धरून ठेवण्यासाठी रबर घासलंच पाहिजे. एका टायरचा जेवढा भाग कुठल्याही क्षणी जमिनीला टेकलेला असतो, तो साधारण एका चपलेच्या तळव्याएवढाच असतो. हजार-बाराशे किलोची गाडी, आत पाच माणसं, पाठीमागं सामान, आणि सगळा भार चार तळव्यांवर. ब्रेक, वळण, चढ, सगळं त्या चार तळव्यांतून रस्त्याला पोचतं. वॉरंटी म्हणजे बनावटीतल्या दोषाची जबाबदारी. वापरानं होणारी झीज ही दोष मानली जात नाही. हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचा गुंता बराच सुटतो.

तीन कागद, तीन मालक

नवी गाडी घरी येते तेव्हा तिच्याबरोबर तीन वेगवेगळ्या जबाबदाऱ्या येतात आणि आपण तिन्हींना 'वॉरंटी' म्हणून मोकळे होतो. घोळ इथंच होतो.

पहिला कागद गाडी बनवणाऱ्या कंपनीचा. इंजिन, गिअर, स्टिअरिंग यांची ती जबाबदारी घेते. टायर आणि बॅटरी तिनं स्वतः बनवलेले नसतात, बाहेरून घेऊन बसवलेले असतात, म्हणून त्या बहुधा यातून वगळलेल्या असतात. 'या भागांची वॉरंटी त्यांच्या उत्पादकांकडे' असं एक वाक्य पुस्तिकेत मागच्या पानांवर असतं. शोरूमवाला 'वॉरंटीत येत नाही' म्हणतो ते या कागदापुरतं खरं असतं, पण अर्धंच असतं. उरलेलं अर्धं, म्हणजे टायर कंपनीची वॉरंटी आहे आणि दावा तिथं करता येतो, हे ग्राहकाला सांगायला हवं. ते न सांगणं मला चुकीचं वाटतं.

दुसरा कागद टायर कंपनीचा. तो गाडीबरोबर आलेल्या टायरलाही लागू असतो. बऱ्याच कंपन्या खरेदीच्या किंवा उत्पादनाच्या तारखेपासून पाच-सहा वर्षं, किंवा टायर झिजून ठरलेल्या खुणेपर्यंत येईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर बनावटीच्या दोषाची जबाबदारी घेतात. मुदत कंपनीगणिक बदलते, म्हणून आपल्या टायरवरचं नाव वाचून त्याच कंपनीच्या अटी बघाव्यात.

तिसरा कागद विम्याचा. नेहमीच्या विमा पॉलिसीत नुसता टायर फाटला तर पैसे मिळत नाहीत. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचा विचार होतो आणि तेव्हाही निम्मीच किंमत धरतात. टायरसाठी वेगळं जादा कवच विकत मिळतं. खड्ड्यात आपटून फुगा आला किंवा कट गेला तर ते उपयोगी पडतं. नेहमीची झीज मात्र त्यातही बसत नाही.

तिन्ही कागद चाळले तरी झिजेचे पैसे देणारा कुणी सापडत नाही. ते आपल्याच खिशातून जातात.

मग दोष कशाला म्हणायचं, आणि किती पैसे मिळतात?

टायरच्या पोटात रबराखाली दोऱ्यांचे आणि पोलादी तारांचे थर असतात. थर एकमेकांपासून सुटले, वरचं नक्षीचं रबर पट्ट्यासारखं उचकटायला लागलं, रिमवर बसणारी कड नीट बनलेली नसली, किंवा नवाकोरा टायर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करूनही हादरतच राहिला, तर ते बनावटीच्या दोषात मोडू शकतं. पंक्चर, खिळा, दगडाचा कट, खड्ड्यात आपटणं, कमी हवेवर पळवणं, चुकीची अलाइनमेंट (चाकांचा चुकलेला कोन) हे सगळं वापरातलं नुकसान.

सगळ्यात जास्त वाद होतो तो फुग्यावरून. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगवटा येतो आणि मालक म्हणतो, बनावट खराब. बहुतेक वेळा कारण खड्डा असतो. गाडी वेगात आपटली की भिंत रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटली जाते, आतले दोरे तुटतात आणि मग तेवढ्याच जागी हवा बाहेर ढकलते. कंपनीचा तपासनीस टायर उतरवून आतून बघतो. चिमटल्याची खूण दिसली की दावा फेटाळतो. खूण नसेल तर मात्र तुमची बाजू भक्कम असते, तेव्हा आतून तपासल्याशिवाय कुणाचंही 'नाही' मान्य करू नका. आणि तोवर त्या टायरवर गाडी चालवू नका. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही.

दावा मान्य झाला तरी बहुतेकदा पूर्ण टायर फुकट मिळत नाही. जेवढा वापरला तेवढे पैसे कापून घेतात, याला 'प्रो-राटा' म्हणतात. समजा नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल होती. १.६ मिलिमीटरला टायर संपला असं धरतात, म्हणजे वापरायजोगं रबर ६.४ मिलिमीटर. दोष निघाला तेव्हा खोली ४.८ होती, म्हणजे ३.२ मिलिमीटर शिल्लक, बरोबर निम्मं. टायर ६,००० रुपयांचा असेल तर नव्या टायरसाठी तुम्ही ३,००० भरायचे. हिशोबाची पद्धत प्रत्येक कंपनीची थोडीफार वेगळी असते, पण तत्त्व हेच. म्हणून खोली मोजताना तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा. अर्ध्या मिलिमीटरचे चार-पाचशे रुपये होतात.

बरोबर आलेले टायर चालतात तरी किती?

आपल्याकडे साध्या पेट्रोल गाडीचे टायर ४०,००० किलोमीटरच्या आसपास गेले तर ते नेहमीचं समजावं. ३०,००० ला संपलेले मी बघितलेत आणि ६०,००० गाठलेलेही बघितलेत. एवढा फरक रबराच्या जातीनं कमी आणि रस्ता, हवा, चालवणारा यांनी जास्त पडतो.

कोल्हापूरचंच बघा. एकाच महिन्यात घेतलेल्या दोन सारख्या गाड्या. एक पुणे-बंगळूर महामार्गावर सरळ धावते, दुसरी दर आठवड्याला गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात जाते. घाटातल्या प्रत्येक वळणावर टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षीच्या बाहेरच्या कडेवर भार येतो आणि रबर आडवं घासतं. दुसऱ्या गाडीच्या पुढच्या टायरच्या कडा आधी जाणार हे ठरलेलं. त्यात ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेमागं सारखं थांबायचं नि सुटायचं, सहापदरीकरणाच्या कामातले वळणरस्ते, आणि पावसाळ्यात उघडे पडलेले खड्डे. टायर कंपनीनं कागदावर काहीही आकडा धरलेला असो, आपला आकडा आपला रस्ता ठरवतो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. बॅटरीमुळं गाडी जड असते आणि पाय दाबताक्षणी पूर्ण जोर चाकावर येतो, त्यामुळं टायर लवकर झिजतात. गाडीत दोष आहे असं लगेच समजू नका. सिग्नल सुटताना पाय हलका ठेवला तरी फरक दिसतो.

"कंपनी मुद्दाम हलके टायर देते" हे खरं का?

हे वाक्य टायरच्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, पण अर्थ थोडा वेगळा आहे.

रबराकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात. ओल्या रस्त्यावर पकड, जास्त आयुष्य आणि हलकं फिरणं, म्हणजे इंधनाची बचत. एकीला ओढलं की दुसरी सुटते. मऊ रबर छान पकडतं पण लवकर झिजतं. जाड नक्षी जास्त टिकते, पण फिरताना जास्त दबते-वाकते, तापते आणि इंधन खाते. नवं तंत्र या तिन्हींची गाठ बरीच जवळ आणतं, तरी ओढाताण संपत नाही.

आता गाडी कंपनीच्या जागी बसून बघा. जाहिरातीत मायलेजचा आकडा मोठा दिसायला हवा. देशात गाड्यांच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या सरासरीवर सरकारी मर्यादा आहे, ती पाळायची आहे. शोरूममधल्या चाचणी फेरीत गाडी शांत आणि मऊ वाटायला हवी. किंमतही आटोक्यात राहायला हवी. म्हणून ती टायर कंपनीला सांगते, आम्हाला असा असा टायर बनवून द्या. त्या यादीत तुमचं पन्नास हजारावं किलोमीटर वरच्या क्रमांकावर नसतं. त्यामुळं दुकानात त्याच नावाचा, त्याच मापाचा टायर मिळाला तरी आतलं रबर अगदी तेच असेल असं नाही. याला फसवणूक म्हणता येणार नाही, पण त्यांची निवड आणि आपली गरज वेगळी आहे एवढं खरं. दुसऱ्या जोडीच्या वेळी निवड आपल्या हातात असते. पावसाळ्यात रोज महामार्गावर असणाऱ्यानं टिकाऊपणाच्या आधी ओल्या रस्त्यावरची पकड बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी टायर खाते तेव्हा

भाच्याची गाडी घेऊन आम्ही शिवाजी उद्यमनगरातल्या एका अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. वरून बघताना पुढचे टायर तसे बरे वाटत होते. मिस्त्रीनं स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं आणि म्हणाला, "आता हात आतनं फिरवा." आतल्या कडेला बोटं लागली तर नक्षी जाणवतच नव्हती, घोटलेल्या दगडासारखा गुळगुळीत पट्टा, आणि त्याच्या टोकाला रबरातून सुईसारखं काहीतरी टोचलं. तारेचं टोक होतं ते. बाहेरच्या कडेला अजून चार मिलिमीटर नक्षी शिल्लक आणि आतून तार बाहेर. "टायरचा काय दोष न्हाई साहेब," मिस्त्री म्हणाला, "गाडी टायर खायला लागलीया."

चपलेचीच गोष्ट. कुणी पाय जरा बाहेर टाकून चालतो, त्याची टाच एका बाजूनं झिजते. चपलेवरून चाल ओळखता येते तशी टायरवरून गाडीची तब्येत ओळखता येते. फक्त आतली किंवा बाहेरची कड गेली असेल तर चाकाचा कोन चुकलाय. दोन्ही कडा गेल्या आणि मध्य शाबूत असेल तर बरेच दिवस हवा कमी होती. मध्य गेला, कडा शाबूत, तर हवा जास्त होती. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप (चाकाचे धक्के झेलणारा भाग) तपासा, चाक रस्त्यावर उड्या मारतंय.

कोनाची चूक केवढी महाग पडते त्याचा शाळेतला हिशोब करून बघा. चाक सरळ रेषेपासून फक्त अर्धा अंश वाकडं असेल, तर दर किलोमीटरला ते जवळजवळ ९ मीटर आडवं घासलं जातं. भाचा रोज कागलच्या एमआयडीसीत जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर करतो. म्हणजे रोज साडेतीनशे मीटर टायर रस्त्यावर आडवा फरफटत होता. वर्षभरात त्याचं काय होईल हे सांगायला नको.

मशिननं कोन चुकल्याचं दाखवलं. पण मिस्त्री तिथं थांबला नाही. गाडी उचलून त्यानं चाक हातानं हलवलं, खाली टॉर्च मारली आणि चाकाला धरून ठेवणाऱ्या दांडीतला एक रबरी बुश चिरलेला दाखवला. हा बुश गाडी कंपनीच्या वॉरंटीतला भाग होता. टायरकडे बघून भांडत बसलो असतो तर तो दिसलाच नसता. वेडीवाकडी झीज दिसली की 'टायर संपला का' याच्याबरोबर 'कशामुळे संपला' हेही विचारा. कारण वॉरंटीतल्या भागात असेल तर तो भाग बदलून मिळतो आणि पुढची टायरची जोडी वाचते.

टायर वाचायचा कसा

टायरच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच. समजा, १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल जातीची बांधणी, १५ हा रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत. टायर बदलताना हे शेवटचे दोन आकडे खाली जाऊ देऊ नका, दुकानदार कितीही 'चालतंय की' म्हणाला तरी.

दुसरी खूण तारखेची. डीओटी या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. मोबाइलचा कॅमेरा आत धरून फोटो काढला की दिसतात. गाडी ताब्यात घेताना पाचही टायरचे असे फोटो काढून ठेवा. गाडी यंदाची आणि एखादा टायर दोन वर्षांपूर्वीचा निघाला, तर ते त्याच दिवशी विचारता येतं.

तिसरी खूण झिजेची. नक्षीच्या खोल खाचांत ठरावीक अंतरावर रबराच्या लहान आडव्या पट्ट्या असतात. त्यांची जागा दाखवायला भिंतीच्या वरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टी, डब्ल्यू, आय ही अक्षरं असतात. ही पट्टी १.६ मिलिमीटर उंच असते. नक्षी झिजून तिच्या पातळीला आली, हाताला दोन्ही सपाट लागले, की टायर संपला. आपल्या मोटार वाहन नियमांतही कारसाठी हीच किमान खोली आहे.

घरच्या घरी मोजायला काड्यापेटीतली एक काडी पुरते. काडी खाचेत उभी टेकवायची, पट्टीवर नव्हे, खाचेच्या तळाला. रबराच्या वरच्या पातळीला काडीवर नखानं खूण करायची आणि ती मुलांच्या कंपासपेटीतल्या मोजपट्टीवर धरायची. आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तीन जागी मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

१.६ ही कायद्याची शेवटची रेघ आहे. पावसाळ्यात मी तिच्यापर्यंत थांबत नाही. खाचा हे पाणी निघून जायचे पाट आहेत. शेतात पाट भरून आला की पाणी वाफ्यावरून वाहतं, तसंच उथळ खाचांचा टायर पाण्यावर तरंगायला लागतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं आणि ब्रेकला दाद मिळत नाही. मेच्या अखेरीस खोली ३ मिलिमीटरच्या खाली असेल, तर पावसाआधी टायर बदलावेत.

"माझी गाडी महिन्यातून दोनदाच निघते, टायर नवेच आहेत"

नक्षी नवी असेल, रबर नवं राहत नाही. हवा, ऊन आणि उष्णता यांनी ते हळूहळू कडक होतं. भिंतीवर पावसाअभावी भेगाळलेल्या शेतासारख्या बारीक चिरा पडतात. रोज फिरणाऱ्या टायरमध्ये रबराला जपणारी द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ते कमी होतं, म्हणून उभी गाडी टायर वाचवते हा गैरसमज आहे. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दिसायला कितीही चांगले असले तरी दहा वर्षांनंतर वापरू नका, असा सल्ला काही मोठ्या टायर कंपन्याच देतात. हा नियम डिकीतल्या स्टेपनीलाही लागू आहे. ती कधी रस्त्यावर उतरली नाही म्हणून तिचं वय थांबलेलं नसतं.

"परदेशात किलोमीटरची वॉरंटी देतात, मग आपल्याला का नाही?"

अमेरिकेत टायरवर अमुक मैल चालण्याची हमी मिळते हे खरं आहे. पण ती साधारणपणे दुकानातून वेगळ्या विकत घेतलेल्या टायरवर असते. गाडीबरोबर आलेल्या टायरला ती सहसा तिथंही नसते. मिळते तीही प्रो-राटा हिशोबानं. शिवाय पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल वेळेवर केल्याच्या पावत्या दाखवाव्या लागतात आणि झीज सगळीकडून सारखी असावी लागते. भाच्यासारखी एका कडेनं खाल्लेली जोडी तिथंही नाकारली असती.

काही टायरवर 'ट्रेडवेअर' या शब्दापुढं ३०० किंवा ४०० असा आकडा असतो. तो अमेरिकेतल्या तुलनेच्या पद्धतीतला आहे. १०० च्या प्रमाण टायरपेक्षा ३०० चा टायर त्यांच्या चाचणीत तिप्पट टिकला, एवढाच त्याचा अर्थ. त्याला किलोमीटर समजून भांडायला जाऊ नका. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो बरा पडतो.

हवा, अदलाबदल आणि नवी जोडी

हवेचा योग्य आकडा टायरवर नसतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर असतो. टायरवर छापलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. पुण्याहून आल्या आल्या तावडे हॉटेलजवळ गाडी थांबवून मोजलेला आकडा वाढलेला दिसतो आणि तो बघून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी ती कमीच निघते. नायट्रोजनबद्दल लोक फार विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरला तर नुकसान नाही, पण भरलाय म्हणून महिनोन् महिने तपासायचंच नाही, हे मात्र नुकसान करतं.

आपल्या बहुतेक लहान गाड्यांत पुढची चाकं ओढतात, वळतात आणि ब्रेकचा मोठा भारही घेतात, त्यामुळं पुढचे टायर आधी जातात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं केले आणि तेव्हाच अलाइनमेंट बघितली, की चारही सारखे झिजतात. पावती जपून ठेवा, दाव्याच्या वेळी ती मागतात.

दोनच टायर घेणार असाल तर नवी जोडी मागं बसवा. पुढं बसवावी असं सगळ्यांना वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटत होतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर शेपूट फिरतं आणि साध्या माणसाला ते सावरत नाही.

दावा करायचा तर

टायरमध्ये खरोखर दोष वाटत असेल तर आधी तो टायर काढून बाजूला ठेवा, फेकू नका, पंक्चरवाल्याला विकू नका. गाडीचं बिल, टायरवरच्या तारखेचा फोटो, मीटरचा फोटो आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या घेऊन त्या टायर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जा. तुम्ही टायर त्याच्याकडून घेतलेला नसला तरी चालतं, दावा कंपनीवर असतो. नोंदणी क्रमांक घ्या. कंपनीच्या तपासनिसानं नाकारलं तर कारण लेखी मागा. तोंडी 'नाही'ला पुढं कुठंच किंमत नसते.

कारण पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे टायर कंपनीचं मुख्यालय देशात कुठंही असलं तरी कोल्हापूरकरानं कोल्हापुरातच दाद मागायची. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील दिलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

भाच्यावर ती वेळ आली नाही. अलाइनमेंटच्या मशिनचा छापील कागद आणि चिरलेल्या बुशचा फोटो घेऊन तो पुन्हा शोरूममध्ये गेला. या वेळी टायरचं नाव काढलं नाही, बुशचं काढलं. बुश वॉरंटीत बदलून मिळाला, कोनही त्यांनी लावून दिला. दोन टायरचे पैसे त्याला भरावे लागले. गेल्या रविवारी सकाळी तो गाडी घेऊन आला तेव्हा नव्या जोडीची खोली आम्ही दोघांनी मिळून मोजली. सहा ठिकाणचे सहा आकडे, तारीख आणि मीटरचं रीडिंग एका पुठ्ठ्यावर लिहून त्यानं तो डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. पुढचं मोजमाप आठ हजार किलोमीटरनंतर, म्हणजे त्याच्या हिशोबानं आठेक महिन्यांनी.